एकशे चाळीस निळ्या नोटा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर बर्फात उभं असलेलं जर्मन घर. आत काही नाही.

सदरमधल्या एका ऑफिसची फुटलेली काच. काचेपलीकडे, टेबलावर, डाव्या पायाची चप्पल.

वर्तमानपत्राचं कात्रण, १९७३ सालचं: 'इंग्लंडमधील पाच पौंडांची जुनी नोट ३१ ऑगस्टनंतर व्यवहारातून बाद.' मागच्या बाजूला सीताबर्डीवरच्या साड्यांच्या सेलची अर्धी जाहिरात.

एका पत्रातली ओळ: 'फी भरली. थंडी आहे, पण आईने विणलेला स्वेटर पुरतो.'

एक चिठ्ठी. बाईमाणसाचं वळणदार इंग्रजी अक्षर. थ्रेडनीडल स्ट्रीट, लंडन. दहा ते तीन.

या पाच गोष्टी एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. आल्या असत्या तर ही गोष्ट दोन पानांत संपली असती.

*

१९७८ चा दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी नऊला सिंधूताई धंतोलीत यमुताईंच्या दारात उभ्या राहिल्या. हातात लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

दोघींची ओळख जुनी. यमुताईंनी सव्वीस वर्षं सरकारी बँकेत नोटा तपासल्या. चालू, चालू, बाद. बाद नोटांची पोती भट्टीपर्यंत नेण्याचं काम सिंधूताईंचं. एक निवडायची, दुसरी जाळायला न्यायची. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या.

"बाई, हे पाहा," सिंधूताईंनी फडकं सोडलं. "अन् सांगा, हे पैसे आहेत का कागद."

निळ्या नोटा. राणीचा चेहरा. पाच पौंडांच्या, एकशे चाळीस.

यमुताईंची बोटं आपोआप चालू लागली. कोऱ्याकरकरीत नव्हत्या, पण सरळ होत्या. कुठे घडी नाही. डाव्या अंगाला, नोटांना असतात तशी, टाचल्याची दोन भोकं. साल कुठेच नाही. इंग्लंडच्या नोटेवर ते छापत नाहीत.

"खोट्या वाटत नाहीत," त्या म्हणाल्या.

"खोट्या नाहीतच. मेल्या आहेत." सिंधूताई उंबऱ्यावरच बसल्या. "पाच वर्षं झाले म्हणते बंद होऊन. रविंद्र परत आला, बाई."

*

रविंद्र म्हणजे सिंधूताईंचा एकुलता एक. मिलच्या रंगखात्यात प्रयोगशाळेत होता. कापड रंगवण्याच्या शिक्षणासाठी त्याला इंग्लंडात, लीड्सला, जागा मिळाली होती. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतून विमानात बसलेला तो पहिलाच. वस्तीनं त्याला बँड लावून स्टेशनवर पोचवलं होतं.

फीचे पैसे त्याच्या बापाचे. बळीराम राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यातून जर्मनीला गेला, आठ वर्षं भट्टीपुढे उभा राहिला, फुप्फुसं घालवून परत आला आणि सहा महिन्यांत गेला. मागे बिस्किटांचा डबा ठेवला. डब्यात दोन हजार आठशे मार्क. 'पोराच्या शिक्षणाले' एवढंच बोलला होता.

मार्क इंग्लंडात चालत नाहीत. पौंड हवे होते. तेच बदलून घेतले, आणि जे हाती आलं ते हे.

"कॉलेजानं नोटा घेतल्या नाहीत," सिंधूताई म्हणाल्या. "पण जागा ठेवली आहे. या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत. तेवढ्यात खरे पौंड गवसले तर पोरगं परत जाईल. नाही तर..." त्यांनी फडक्याला गाठ मारली, सोडली, परत मारली. "मी त्या श्रीधरच्या ऑफिसची काच फोडून आली काल. चप्पल आतच राहिली."

"पोलिसांत जायचं होतं."

"कोण्या तोंडानं? मार्क दोन वर्षं घरात ठेवले, बिनापरवान्याचे. मलेच आत टाकतील. तुमीच तर म्हणल्या होत्या, दत्तोपंतांना विचारा म्हणून."

खरं होतं. त्यांनीच पाठवलं होतं.

*

दत्तोपंत यमुताईंच्या शेजारचेच. किंग्जवेवरच्या एका बँकेत मुख्य रोखपाल होते. एप्रिलमध्ये सिंधूताई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा त्यांनी वहीचं पान फाडून, स्वच्छ अक्षरात, सल्ला लिहून दिला होता. सिंधूताईंनी ते पान जपलं होतं. ते असं:

१. बँक. भाव चोख. परंतु विचारतील, मार्क परत येताच जमा का केले नाहीत. उत्तर नाही.

२. रामाजी, इतवारी. भाव सर्वांत चांगला. सोन्याच्या धंद्याआड. पावती नाही, पत्ता बदलतो.

३. श्रीधर, सदर. प्रवास कचेरी. पौंडाला चार मार्क घेईल, म्हणजे महाग. परंतु पाटी आहे, टेबल आहे, काच आहे. पळून जाणार नाही.

तीनखाली दोन रेघा.

"पळाला नाही," सिंधूताई म्हणाल्या. "तेवढं खरं लिहिलं होतं."

*

इंदोऱ्याच्या घरात रविंद्र खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. यमुताई आल्याचं कळल्यावर उठून बसला. पंचवीस वर्षांचा पोरगा, पण पंधरा दिवसांत गाल बसले होते.

"नोटा कशा नेल्यास?"

"कोटाच्या अस्तरात. आईनं सपाट पसरवून शिवल्या. घडी पडू नये म्हणून."

"शिवण्याआधी तू पाहिल्या होत्यास?"

"पाह्यल्या ना. पण मी पौंड कुठं पाह्यला होता, मावशी? निळी नोट, राणी. पौंडच वाटला."

"कॉलेजात कोण काय म्हणालं?"

"खिडकीवरची बाई. चांगली होती. म्हणाली, ह्या बंद झाल्या, आम्ही घेऊ शकत नाही. मग आत गेली, कोणाशी तरी बोलली, अन् ही चिठ्ठी दिली."

त्यानं पाकिटातून चिठ्ठी काढली. थ्रेडनीडल स्ट्रीट. दहा ते तीन.

"हे काय आहे?"

"पोलिसांचं किंवा इमिग्रेशनचं ऑफिस असंल. इथं जाऊन दाखवा म्हणे." तो हसल्यासारखं करून थांबला. "सातशे पौंड लपवून आणलेला माणूस कशाला जाते तिथं? परतीचं तिकीट होतं. निघून आलो."

यमुताईंनी चिठ्ठी उलटून पाहिली. दहा ते तीन. ही वेळ त्यांच्या ओळखीची होती; सव्वीस वर्षं त्यांच्याही खिडकीवर तीच पाटी होती. काहीतरी मनात हललं. पण तेवढ्यात सिंधूताईंनी चहा आणला, आणि ते हललेलं परत बसलं.

*

यमुताई सदरला गेल्या तेव्हा श्रीधर नव्या काचेची वाट पाहत बसला होता. चप्पल अजून टेबलावरच होती.

"तुमच्या बाईले सांगा, चप्पल घेऊन जा म्हणा. काचेचे मी कोणाकडून घेऊ?"

प्रश्न: नोटा कुठून आणल्यास?

उत्तर: साहेब लोक येतात वाघ पाहाले. हॉटेलचं बिल, टॅक्सी. कोणी दहा पौंड देतो, कोणी वीस. जमवत जातो. आता पोलिसांना सांगू नका, बाई.

प्रश्न: सगळ्या पाचच्याच दिल्यास?

उत्तर: कुठल्या? दहाच्या होत्या, एकाच्या होत्या, चार-दोन वीसच्या. मोजून सातशे. एका नोटेवर कोण्या साहेबानं टेलिफोन नंबर लिहिला होता. खिशातल्या नोटा त्या. घड्याच घड्या.

प्रश्न: सिंधूताईंनी मोजल्या नाहीत?

उत्तर: लिफाफ्यात बंद करून दिल्या. त्या म्हणाल्या, उघडू नको, दत्तोपंत साहेबांनी सांगितलं आहे, तेच भिंगाखाली पाहतील. मी म्हणलं, पाहू दे. मले काय भीती.

प्रश्न: पाचच्या जुन्या नोटा बंद झाल्या हे तुला माहीत होतं?

उत्तर: बाई, माझं पोट त्याच्यावर आहे. साहेब लोकच सांगतात.

यमुताईंनी चप्पल उचलून पिशवीत टाकली. दारात थांबून विचारलं, "टाचणी लावतोस नोटांना?"

"पौंडाले? काहून? खराब होते ना. रबर लावतो."

*

इतवारीत रामाजींच्या दुकानात तराजू होता, गिऱ्हाईक नव्हतं. म्हाताऱ्यानं एक नोट दिव्याकडे धरली, खाली ठेवली, परत उचलली.

"बाद माल. पण असली."

"आणखी?"

"आणखी काय पाहिजे?" त्यांनी नख भोकावर फिरवलं. "हे इंडियातलं काम आहे. तिकडची नोट मी हजारदा पाह्यली. कुठं एखादं भोक असते, पण असं दोन-दोन, ठरल्या जागी? हे आपल्या बँकवाल्याचं टाचण आहे, बाई. तुमचंच."

यमुताईंनी नोट त्यांच्या हातातून घेतली.

सव्वीस वर्षं रोज हजारो नोटांवर ती भोकं पाहिली. इतकी पाहिली की दिसेनाशी झाली. परवाही पाहिली होती आणि 'नोटांना असतात तशी' म्हणून सोडून दिली होती.

त्यांनी तिथंच, रामाजींच्या गादीवर, एकशे चाळीस नोटा एकावर एक लावल्या. कडा जुळवल्या. उजेडात धरल्या.

उजेड आरपार आला नाही.

मग एकेक नोट बाजूला काढत गेल्या. शंभर नोटांतून उजेड आला, दोन स्वच्छ ठिपके. उरलेल्या चाळीसांची भोकं सूतभर खाली. त्यांचे ठिपके वेगळे.

"काय शोधून राहिल्या?" रामाजींनी विचारलं.

"साठ," यमुताई म्हणाल्या.

*

दुपारी चारला त्या सिंधूताईंना घेऊन दत्तोपंतांच्या घरी गेल्या. पार्वतीबाई, त्यांच्या पत्नी, देवळात गेल्या होत्या. दत्तोपंतांनी स्वतः पाणी आणलं. टेबलावर निळं हवाई पत्र होतं, उघडलेलं.

"अनंतचं?" यमुताईंनी विचारलं. अनंत हा दत्तोपंतांचा मुलगा.

"हो. पोचला मँचेस्टरला. तुम्हाला सांगायचं राहिलंच."

"फी भरली?"

"भरली म्हणतो." त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "बिचारा रविंद्र. मी तेव्हाच म्हणालो होतो, श्रीधर महाग पडेल. पण असा निघेल असं वाटलं नव्हतं."

"श्रीधरनं काही केलं नाही, दत्तोपंत."

"मग कोणी?"

"सांगते. मी मोठ्यानं मोजते, चुकलं तर थांबवा."

त्यांनी नोटा काढल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून, खिडकीवर बोलत असल्यासारख्या, बोलत गेल्या.

"श्रीधरनं दिल्या त्या खिशातल्या नोटा. मिसळ रक्कम, घड्या पडलेल्या. लिफाफा बंद. तो बंद लिफाफा सिंधूताईंनी सरळ इथे आणला, कारण तुम्ही तसं सांगितलं होतं. एक रात्र इथे राहिला. दुसऱ्या दिवशी सिंधूताईंनी जे घरी नेलं, त्यात एकही घडी नव्हती, एकही दहाची नव्हती. सगळ्या पाचच्या. सदर ते इंदोरा या वाटेवर नोटा फक्त एकाच घरात मुक्कामाला होत्या."

दत्तोपंतांनी खिशातलं पत्र चाचपलं.

"हे कोणीही ओळखलं असतं. पण पुढचं माझ्यासारखीच ओळखेल. त्या नोटा टाचलेल्या आहेत. शंभर एका टाचणीत. चाळीस दुसऱ्या टाचणीत. माणूस चाळीसची गड्डी बांधत नाही. निदान आपल्यातला नाही. आपण शंभर झाल्याशिवाय टाचतच नाही. म्हणजे दुसरी गड्डीही शंभराची होती, ती फोडली, चाळीस काढल्या. साठ मागे राहिल्या." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "ज्याच्या घरात त्या साठ आहेत, त्याच्या घरात रविंद्रचे पौंडही होते. साठ कुठे आहेत, दत्तोपंत?"

दत्तोपंतांची नजर एकदाच, निमिषभर, लाकडी कपाटाकडे गेली आणि परत आली.

सिंधूताईंनी ती पाहिली. उठल्या, कपाटाकडे गेल्या. किल्ली कपाटालाच होती. वरच्या कप्प्यात, रेशमी शालीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं. निळा कागद. टाचणी काढल्यानंतरही भोकं तशीच.

यमुताईंनी वरची नोट आपल्या चाळीसांतल्या एकीवर ठेवून खिडकीकडे धरली. उजेड आरपार आला. दोन ठिपके.

*

"एकोणसत्तरला घेतल्या," दत्तोपंत म्हणाले. आवाज रोखपालाचाच होता, सपाट. "मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण कायमची परत चालली होती. तिला इथे रुपये हवे होते. हजार पौंड. मी घेतले. अनंत तेव्हा मॅट्रिकला होता. म्हटलं, त्याला कधी जायचं झालं तर. आयुष्याची बचत होती ती. मोजल्या, टाचल्या, ठेवल्या. सवयीनं."

"अन् मग?" सिंधूताईंनी विचारलं.

"मग त्र्याहत्तरला हे." त्यांनी गुंडाळीच्या कागदावर बोट ठेवलं. कात्रण त्यातच होतं. "माझ्याच टेबलावर पेपर आला. मीच वाचलं. कोणाला विचारणार? मुख्य रोखपालाच्या घरात बेकायदा परदेशी नोटा. पाच वर्षं मी रोज त्या कपाटासमोर जेवलो. पार्वतीलाही सांगितलं नाही."

"अन् मी येऊन लिफाफा तुमच्या हातात देला," सिंधूताई म्हणाल्या.

"मी परत करणार होतो. अनंत कमवायला लागला की."

"कधी? माझा पोरगा म्हातारा झाल्यावर?"

दत्तोपंतांनी कपाटाच्या खालच्या खणातून पाकीट काढलं. "हे बारा हजार आहेत. पेन्शनच्या विक्रीचे. सगळे घ्या."

सिंधूताईंनी पाकिटाकडे पाहिलंच नाही. "रुपये देता? अन् एकतीस तारखेच्या आत ह्याचे पौंड कोण करून देईल? तुमीच सांगाल काय जागा? लिहून द्या मग. एक, दोन, तीन. खाली रेघा मारून."

बाहेर पेरूवाला ओरडत गेला. दत्तोपंतांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"पोलिसांत जायचं असेल तर जा," दत्तोपंत म्हणाले. "मी नाही म्हणणार नाही. फक्त आधी विचार करा, पहिला प्रश्न कोणाला विचारतील."

यमुताईंना ठाऊक होतं. सिंधूताईंनाही. मार्क कोणाचे, परवाना कुठे, पौंड कोणी शिवले. आईला, मग मुलाला, मग श्रीधरला. दत्तोपंतांचा नंबर चौथा.

चोर सापडला होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

सिंधूताई दारात वळल्या. "दत्तोपंत साहेब, तुमचा अनंत बी पोरगंच आहे. त्याले काही होऊ नये. पण त्याले एक सांगा, ज्या पैशानं तो शिकून राहिला ते भट्टीपुढचे आहेत म्हणावं. माझ्या मालकाच्या छातीतले."

*

बारा हजारांचं पाकीट पार्वतीबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः इंदोऱ्यात नेऊन दिलं. सिंधूताईंनी चहा दिला, पाकीट परत दिलं.

*

एकतीस ऑक्टोबर मंगळवारी आली आणि गेली. बुधवारी सकाळी यमुताई इंदोऱ्यात गेल्या. एकशे चाळीस आणि दत्तोपंतांच्या कपाटातून त्या दिवशी उचलून आणलेल्या साठ, दोनशे नोटा अजून सिंधूताईंच्या घरात होत्या.

"हे घरात ठेवू नका," यमुताई म्हणाल्या. "कोणी कुचका शेजारी सांगेल, झडती येईल. पैसे म्हणून तर गेलेच, गुन्हा म्हणून कशाला सांभाळता?"

"काय करू मग?"

"बाद नोटेचं आपण काय करतो?"

सिंधूताई उठल्या. शेगडी अंगणात आणली. कोळसे पेटायला वेळ लागला. दोघी जुन्या सवयीनं बसल्या, एक मोजून देणारी, एक टाकणारी. यमुताईंनी नोटा दहा-दहाच्या दिल्या. राणीचा चेहरा आधी कुरळा झाला, मग काळा. वस्तीतली दोन कुत्री लांबून बघत होती.

"कितीक पोती नेली आपण," सिंधूताई म्हणाल्या. "तवा वाईट नव्हतं वाटत."

"तेव्हा दुसऱ्याच्या होत्या."

रविंद्र दाराला टेकून उभा होता. दाढी केली होती. खाप्याच्या मॅंगनीज खाणीत मुकादमाच्या हाताखाली जागा होती, सोमवारपासून. शेवटची दहाची थप्पी गेली तेव्हा तो खाली उतरला आणि पाकिटातून चिठ्ठी काढली.

"ही बी टाकू, मावशी?"

यमुताईंनी ती हातात घेतली. थ्रेडनीडल स्ट्रीट. दहा ते तीन. तेच काहीतरी परत मनात हललं, आणि या वेळी जरा जास्त वेळ हलत राहिलं. पण शेगडी विझायला आली होती, आणि पोराच्या खिशात पोलिसांचा पत्ता कशाला हवा.

"टाक," त्या म्हणाल्या.

*

थ्रेडनीडल स्ट्रीटवर इंग्लंडची मध्यवर्ती बँक आहे. १९७३ च्या ३१ ऑगस्टनंतरही, तिच्या खिडकीवर पाचची जुनी नोट दिली की पाचची नवी नोट मिळत असे. त्याला मुदत नव्हती.